गंगामाईचा नादठसा

काळगंगा जलाशयात रोज सकाळी साडेदहाच्या सुमारास एक होडी ओझऱ्याहून धायगावला येत होती, आणि ती कुणाची हे जलकर्णाला सांगता येत नव्हतं.

उत्कर्षा दुधाळला ही गोष्ट चैन पडू देत नव्हती. जलाशयाच्या नौका निरीक्षण कक्षाची ती प्रमुख होती. धरणाच्या भिंतीपासून फुगवट्याच्या टोकापर्यंत अठ्ठावन्न किलोमीटर पाणी आणि त्यावर परवाना असलेल्या चारशे बारा नावा. त्यातली प्रत्येक नाव या क्षणी कुठे आहे, तिच्यात किती वजन आहे, इंजिन धड चालतंय की अडखळतंय, हे तिच्या समोरच्या पडद्यावर दिसायचं. चारशे बारा हिरवे ठिपके. आणि रोज साडेदहाला, तेवढाच एक राखाडी.

"वल्ह्यांची होडी आहे मॅडम," तन्वीर मुलाणी म्हणाला. कक्षातलं सगळं ऐकण्याचं काम त्याच्याकडे होतं. "इंजिनच नाही, म्हणून ओळखायला तीन आठवडे गेले. पण आता हात ओळखू येतो. डावं वल्हं उजव्यापेक्षा जरा उशिरा पडतं. माणूस वयस्कर असणार, डाव्या खांद्यात काहीतरी दुखणं असणार."

"आणि वजन?"

"येताना चार-पाच माणसांचं. परत जाताना कधी चार, कधी तीन."

म्हणजे प्रवासी. वल्ह्यांची असो की इंजिनाची, होडीत प्रवासी बसवायचे तर परवाना हवा, हा नियम आठ वर्षांपूर्वी नऊ माणसं बुडाल्यावर झाला होता. उत्कर्षाने खुर्ची मागे सारली.

"उद्या मी स्वतः जाते."

जलकर्ण हे नाव लोकांनीच पाडलेलं होतं. सरकारी कागदावर त्याचं नाव बरंच लांबलचक होतं. पण चीज साधी होती. जलाशयाच्या तळाशी गाळात काचेच्या तंतूची एक केबल पसरलेली होती. मुळात ती धरणाच्या परिसरातले भूकंपाचे बारीक धक्के मोजायला नऊ वर्षांपूर्वी टाकलेली. केसाएवढ्या त्या तंतूत एका टोकाने सेकंदाला हजारदा प्रकाशाची फेक करायची. तंतूच्या प्रत्येक बिंदूवरून त्यातला कणभर प्रकाश मागे फिरतो. पाण्यात कुठे आवाज झाला, की तिथला तंतू अगदी किंचित, अणूच्या मापाने, ताणला जातो आणि मागे येणारा प्रकाश बदलतो. म्हणजे केबलचा प्रत्येक मीटर हा एकेक कान झाला. अठ्ठावन्न किलोमीटर लांबीचे अठ्ठावन्न हजार कान.

सुरुवातीची काही वर्षं हे कान नुसतेच गोंगाट साठवत होते. त्या गोंगाटातून एकेक नाव वेगळी काढणारी संगणकप्रणाली अलीकडची, दीड वर्षातली. घरातलं माणूस जिना चढताना नुसत्या पावलांवरून कळतं ना, तशी प्रत्येक नावही कळते. इंजिनाचे ठोके, पंख्याच्या पात्यांचा घरघराट आणि नावेच्या अंगाचा स्वतःचा घुमारा, हे तीन मिळून तिचा नादठसा. दोन नावांचा नादठसा सारखा नसतो. माणसं जास्त बसली की नाव खोल बसते, घुमारा जड होतो, त्यावरून वजन कळतं. नोंदणीच्या दिवशी नादठसा घ्यायचा, तो निरोगी धरायचा, आणि रोजचा आवाज त्याच्याशी ताडून बघायचा. फरक पडला की ठिपका पिवळा, आणि नावेवरचा दिवाही. वाढला तर लाल. लाल झालेल्या नावेचं इंजिन कक्षातूनच बंद होतं, आणि 'बगळे' तिला ओढून काठाला आणतात. बगळे म्हणजे माणसाविना फिरणाऱ्या पांढऱ्या गस्तीच्या नावा. लोकांनी ठेवलेलं हेही नाव.

दीड वर्षात जलाशयात एकही माणूस बुडालं नव्हतं. पुढच्या महिन्यात राज्यातल्या सगळ्या जलाशयांवर आणि खाड्यांवर हीच पद्धत येणार होती आणि तिची प्रमुख म्हणून उत्कर्षाचं नाव वर गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने होडी मध्यावर गाठली. वैशाख लागला होता. ऊन चढेल तसा वारा उठत होता आणि पाण्यावर बारीक फेसाच्या रेघा धावायला लागल्या होत्या. होडीत एक म्हातारी फडक्यात गुंडाळलेला पाय लांब करून बसली होती, शेजारी तिची सून, समोर दोन माणसं. आणि वल्ह्यांवर निवृत्ती नगरे.

उत्कर्षाने त्याला आठ वर्षांनी पाहिलं. पण ओळखायला क्षणही लागला नाही.

"नाना, तुमचा परवाना कायमचा रद्द झालाय. विसरलात?"

"विसरंन कसा, बाईसाहेब." नानाने वल्ही आत घेतली. सदुसष्टीचा असेल. अंगावर मांस राहिलं नव्हतं, पण मनगटं तशीच होती. "ही कौसामावशी. साखरेनं पाय सडलाय. रोज पट्टी बदलाया दवाखान्यात न्यावं लागतं. दवाखाना उघडतो धाला. आन् तुमचं यंत्र वारं सुटलं की धालाच समद्या लाँचा बंद करतं. मंग हिनं जावं कसं? सडकेनं बासष्ट किलोमीटर हाय."

"वाऱ्याची मर्यादा माणसं जगावीत म्हणून आहे."

"आसंल की."

"तुमच्या हातून नऊ जीव गेलेत. निदान तुम्ही तरी..." ती थांबली. त्या नऊ जणांत नानाची बायको रखमाही होती, हे बोलताना तिच्या लक्षात आलं.

सुनेने सासूचा पाय जरा सावलीत घेतला.

"बारा माणसं व्हती," नाना शांतपणे म्हणाला. "बाराचाच परवाना व्हता. सिमिटाची पोती आदल्या फेरीला उतरवलीवती. तवा कुणी ऐकलं न्हाई. चवकशीत लिवलं, वीस पोती व्हती म्हणून बुडाली. काठावरच्या एका माणसानं पोती बघितली म्हणं. त्यानं आदल्या फेरीची बघितली." त्याने तिच्याकडे नजर लावली. "तुमचं यंत्र माज्या वल्ह्याचा आवाज ऐकतंय. तार तवाबी पाण्यात व्हतीच की. मंग इचारा तिला, किती वजन व्हतं."

उत्कर्षाने माणसांना धायगावच्या काठावर सुखरूप उतरवलं, कौसामावशीला रिक्षा करून दिली आणि होडी जप्त करून कक्षाच्या धक्क्याला बांधली. नाना एका शब्दानेही भांडला नाही. काठाकाठाने आपल्या झोपडीकडे चालत गेला.

दुपारभर तिचं कामात लक्ष लागेना. चारच्या सुमाराला ती तन्वीरपाशी जाऊन उभी राहिली.

"गंगामाई लाँच. आठ वर्षांपूर्वीची. केबलचं रेकॉर्ड आहे तेव्हाचं?"

"कच्चं आहे. कुणी उघडलेलं नाही."

"उघड. नानाला एकदा कागद दाखवला की विषय संपेल."

तन्वीरला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिला बोलावलं ते फोनवर नाही, स्वतः दारात येऊन. त्याचा चेहरा पाहून तिने हातातला चहा तसाच ठेवला.

"वजन बरोबर निघालं मॅडम. तेरा माणसं, म्हणजे बारा आणि नाना. पोती नव्हती. आदल्या फेरीत होती, तीही दिसतात. नाना खरं बोलत होता."

"मग बुडाली कशाने? त्या दिवशीची वावटळ तर मोठी नव्हती."

तन्वीरने पडद्यावर एक रेघ दाखवली, मग आवाज लावला. इंजिनाचा ठोका, पाण्याचा सळसळाट, आणि त्यांच्या आड, ठोक्यागणिक, एक बारीक 'टक्'. कुणी दुसऱ्या खोलीत बोट मोडावं तसा.

"इंजिनाची बैठक. लाँचच्या फायबरचे थर एकमेकांपासून सुटत चालले होते. इंजिन हादरलं की ते एकमेकांवर आपटायचे. शेवटच्या दिवशी वाऱ्यात इंजिनावर जोर आला आणि बैठक तळासकट उखडली. दोन मिनिटांत पाणी भरलं." तो क्षणभर थांबला. "पण हा आवाज त्या दिवशी सुरू झालेला नाही. मी मागे मागे गेलो. बुडायच्या एकोणीस दिवस आधीपासून आहे. रोज थोडा वाढत गेलाय."

एकोणीस दिवस. गंगामाईला सुस्थितीचा दाखला मिळाला होता तो बुडायच्या अकरा दिवस आधी. म्हणजे दाखल्याच्या दिवशी तो आवाज आठ दिवसांचा होता. दाखल्यावर सही कुणाची होती हे तिला फाइल उघडून बघायची गरज नव्हती. नोकरीचा दुसरा महिना, एका दिवसात चौदा नावा, आणि तपासणीच्या तक्त्यात प्रत्येक नावेची बारा ठिकाणं लाकडी हातोडीने ठोकून बघायची. घट्ट फायबर टणटणीत वाजतं, सुटलेलं भद्द वाजतं. लहान पोरालाही कळेल इतका फरक. तिने गंगामाईची सहा ठिकाणं ठोकली होती. इंजिनाच्या बैठकीकडे वाकून जावं लागतं, ती सहा तशीच राहिली होती. तक्त्यात बाराही खुणा होत्या.

चौकशीत पोती निघाली आणि दाखल्याचा विषयच निघाला नाही. तिनेही ते मानलं होतं. मनापासून मानलं होतं. त्याच रागातून ती आठ वर्षं नियमाला चिकटली होती. एकही नाव तिने सोडली नव्हती. लोक म्हणायचे, दुधाळबाई म्हणजे करवत आहे, करवत.

"मॅडम," तन्वीर हळू आवाजात म्हणाला. दाखल्याची तारीख त्यानेही पाहिली होती, हे त्याच्या नजर चुकवण्यावरून कळत होतं. "हे रेकॉर्ड कुणी अधिकृतपणे मागितलेलं नाही. मी कुठे नोंद केलेली नाही. तुम्ही म्हणाल तसं."

"मला आज काही विचारू नकोस," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

बाहेर पडून ती धक्क्यावर गेली. हातोडी घेतली आणि बांधलेल्या नावा ठोकत सुटली. एक झाली, दुसरी झाली. बाराच्या बारा ठिकाणं. नावाडी चकित होऊन बघत राहिले. "बाई, ठिपका हिरवा हाय की," एकाने सांगून पाहिलं. तिने ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत एकवीस नावा झाल्या आणि हाताला फोड आले. एकही भद्द वाजली नाही. घरी जेवताना नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "ऊन लागलंय."

सकाळी आठला ती नानाच्या झोपडीपुढे उभी होती. झोपडी धायगावच्याच काठाला, कक्षाच्या धक्क्यापासून हाकेवर होती. नाना जाळं विणत बसला होता.

"बसा," तो म्हणाला. "होडी सोडताय का काय?"

ती बसली नाही. उभ्यानेच तिने सांगितलं. वजन बरोबर होतं, पोती नव्हती. फायबर सुटलं होतं. दाखला तिचा होता. बारापैकी सहा ठिकाणं तिने तपासलीच नव्हती. बोलताना तिचा आवाज एकदाही कापला नाही. रात्रभर घोकल्यासारखी ती बोलली.

नानाची सुई थांबली होती.

"उजव्या अंगाला," तो म्हणाला. "बैठकीच्या उजव्या अंगाला सुटली व्हती."

"हो. तुम्हाला कसं..."

नाना उठून उभा राहिला होता आणि मान तिरपी करून ऐकत होता. दूर, ओझऱ्याच्या बाजूला, एका लाँचचं इंजिन सुरू झालं होतं.

"ती ऐका. माज्या तान्याची रेणुका. सा म्हैन्यामागं जुनी घेतली त्यानं. पयल्या दिसापासनं म्या आयकतोय. तसाच आवाज हाय."

तानाजी हा नानाचा एकुलता एक मुलगा. आई बापाच्या हलगर्जीपणाने गेली असं तो मानत होता, आणि आठ वर्षं त्याने बापाशी शब्द बोललेला नव्हता.

"रेणुका हिरवी आहे नाना. मी रोज बघते."

"आसंल. आवाज तसाच हाय."

तिने फोन लावला. "तन्वीर, रेणुका बघ."

"हिरवी आहे मॅडम. नादठशात काहीच फरक नाही."

ती बोलणार, तोच तिच्या डोक्यात लख्ख पडलं. फरक नाही. नोंदणीच्या दिवशी जो आवाज असेल तो निरोगी धरायचा. नाव आधीच तडकलेली असली तर तडकलेलाच आवाज निरोगी ठरतो. यंत्राला बदल ऐकू येतो. खोट ऐकू येत नाही. आणि नोंदणीच्या दिवशी हातोडी घेऊन कोण वाकतंय? जलकर्ण आल्यापासून ती पद्धत तिनेच बंद केली होती.

"तिच्या स्वतःच्या ठशाशी लावू नकोस. गंगामाईच्या शेवटच्या दिवसांशी लावून बघ."

दोन मिनिटं गेली. पाण्यावर वारा उठायला लागला होता.

"मॅडम..." तन्वीर म्हणाला. "सोळाव्या दिवसाच्या नोंदीशी जुळतोय. आत्ता निघालीय ती. अकरा प्रवासी आहेत."

इंजिन कक्षातूनच बंद करता आलं असतं, पण ठिपका लाल असल्याशिवाय कुलूप पडत नव्हतं, ती मर्यादा यंत्रातच घातलेली होती. उत्कर्षा धक्क्याकडे पळाली. नाना तिच्या मागे. कक्षाच्या गस्ती लाँचमध्ये आठ माणसं बसत. तिने मागे नानाची जप्त केलेली होडी दोराने बांधून घेतली आणि स्वतः सुकाणू धरलं.

"तानाजी नगरे, दुधाळ बोलतेय," तिने बिनतारीवर सांगितलं. "इंजिन बंद करा. आहात तिथे थांबा."

"का? माजा दिवा हिरवा हाय."

"इंजिनाची बैठक सुटली आहे. बंद करा."

"बाई, वारं सुटायच्या आत काठ गाठायचाय. थांबलो तर आडवं वारं घेईल. माणसं हायती नावंत." आणि इंजिनाचा आवाज चालूच राहिला.

पाण्याच्या मध्यावर तिने रेणुकेला आडवी लाँच घातली. तानाजी चाळिशीचा, बापासारखाच रुंद मनगटांचा. त्याची नजर आधी तिच्यावर पडली, मग तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसावर, आणि त्याचा चेहरा ताठ झाला.

"ह्याचं ऐकून आलाय व्हय तुमी? ह्यानं आय घालवली माजी! आता माजी नाव बंद पाडाया निगाला का?"

"तान्या, बंद कर रं," नाना म्हणाला. "हात जोडतो."

"तू बोलू नगंस!"

लाटा आता हातभर उसळत होत्या. प्रवाशांतली एक बाई रडायला लागली. उत्कर्षाने दोन्ही नावांचे कठडे हाताने धरून ठेवले होते. हाताचे फोड फुटले होते.

"तानाजी, माझं ऐका," ती मोठ्याने म्हणाली, वाऱ्यावर आवाज जावा म्हणून, आणि तो सगळ्यांनाच गेला. "गंगामाईत पोती नव्हती. तिची बैठक सुटली होती. सुटलेली असताना मी तिला दाखला दिला. न तपासता दिला. तुमच्या आईला तुमच्या वडिलांनी नाही घालवलं. त्या कागदावर सही माझी आहे. आणि तुमच्या लाँचला हिरवा दिवाही माझ्याच पद्धतीने दिलाय. आता बंद करता का?"

तानाजीचा हात इंजिनाच्या कळीवर होता. त्याने ती कधी फिरवली ते त्यालाही कळलं नसावं. एकाएकी फक्त वारा आणि पाणी ऐकू येऊ लागलं.

मग कुणाला बोलायला वेळच राहिला नाही. सहा जणांना तिने गस्ती लाँचमध्ये घेतलं. उरलेल्या पाचांना नानाने आपल्या होडीत, एकेकाला दंड धरून, बसतं केलं. पाचवा माणूस होडीत बसला आणि दोर सोडला, तोच बिनतारीवर यंत्राचा थंड आवाज आला. "विनापरवाना प्रवासी वाहतूक. होडी थांबवा. होडी थांबवा." जप्तीच्या दिवशी होडी बेकायदा म्हणून यंत्रात नोंदली गेली होती. पूर्वेकडून दोन बगळे पाणी कापत सुटले.

"तन्वीर! बगळे थांबव!"

"मॅडम, कारण लिहावं लागतं. यादीतलं एकही कारण बसत नाही!"

"मग माझं नाव लिही. कारण म्हणून माझं नाव लिही!"

बगळे होडीपासून पन्नास हातांवर येऊन थबकले आणि लाटांवर नुसतेच डुलत राहिले. नाना त्यांच्याकडे न बघता वल्ही मारत होता. डावं जरा उशिरा. तानाजी रिकाम्या रेणुकेत एकटाच उभा होता. बापाची होडी काठाला लागेपर्यंत त्याने तिच्यावरून डोळे काढले नाहीत. मग बगळ्यांनीच त्याची लाँच ओढून आणली.

दुपारी रेणुका क्रेनने वर उचलली तेव्हा बैठकीच्या उजव्या अंगाला पंजा सहज आत जाईल एवढी फट होती.

उत्कर्षाने अहवाल त्याच दिवशी लिहिला. गंगामाईचं रेकॉर्ड जोडलं, दाखला जोडला, तक्त्यातल्या खोट्या सहा खुणांना तांबड्या पेनाने गोल केले. जलकर्णाची खोट वेगळ्या पानावर मांडली. नोंदणीपूर्वी प्रत्येक नाव माणसाने ठोकून बघितल्याशिवाय नादठसा घेऊ नये, आणि तोवर ही पद्धत दुसरीकडे नेऊ नये. तन्वीरने तिच्याखाली स्वतःहून सही केली.

वरिष्ठ देवधर साहेबांचा फोन आला. "दुधाळ, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय तुम्ही. रेणुकेचं प्रकरण पाठवा, वाहवा होईल. आठ वर्षांपूर्वीचं कशाला उकरता? ती माणसं परत येणार आहेत का?"

"नाही सर. पण एक माणूस अजून आहे."

आठवड्यात ती निलंबित झाली. नवरा घरी म्हणाला, "मला तरी आधी सांगायचं होतंस." चौकशी सुरू झाली ती चार महिने चालली. त्यात नानावरचा ठपका पुसला गेला आणि परवान्याचं पत्र त्याच्या झोपडीत पोचलं. वाऱ्याच्या वेळी ओझऱ्याच्या आजाऱ्यांसाठी वल्ह्यांच्या दोन होड्यांना सूट मिळाली. तिच्यावर खटला चालवायचा की नाही, याचा निर्णय मात्र लागेना. वाट बघण्यात दिवस जाईनात. तिला घरात बसवेना, बाहेर जाववेना.

अश्विनात एका सकाळी ती धायगावच्या काठावर आली. नाना होडीतलं पाणी उपसत होता. तानाजी काठावर इंजिनाचे भाग पसरून बसला होता. बापलेकांत दहा-बारा हातांचं अंतर होतं, पण एकाच किटलीतला चहा दोघांपुढे होता.

"ओझऱ्याला जायचंय," ती म्हणाली. "गंगामाईत गेलेल्यांची सात घरं आहेत. चौकशीत मी सांगितलं, पण त्यांच्या दारात जाऊन नाही सांगितलं."

नानाने उपसणं थांबवलं.

"येकट्या जाताय?"

"हो."

"थांबा. म्याबी येतो." त्याने डोक्याला पटका गुंडाळला. मग मुलाकडे न बघता म्हणाला, "तान्या, तूबी चल. तुला आयकायचं आसंल तर."

तिघं नानाच्या होडीतून पलीकडे गेली. पहिलं घर सुभद्रा लिंबोऱ्यांचं. त्यांचा थोरला मुलगा आणि नवरा, दोघंही गंगामाईत होते. बाई ओसरीवर मिरच्यांचे देठ खुडत होत्या. दारात तिघांना पाहून त्या उठल्या नाहीत.

उत्कर्षाने तोंड उघडलं, पण नाना पुढे झाला.

"सुभद्रावयनी, आधी माजं आयका. म्या चवकशीतबी बोललो न्हाई. मला आवाज येत व्हता." त्याचा पटका हातात आला होता. "लाँच बुडायच्या आधी पंधरा-वीस दिस येत व्हता. बैठकीत कायतरी टकटक करतंय, कळत व्हतं मला. चाळीस वरसं पाण्यावर काडली, कळंना कसं?"

तानाजी मागे खांबाला धरून उभा राहिला.

"मंग माणसं का बशिवलीस?" सुभद्राबाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"दाखला आला. कागदावर सरकारनं लिवलं, नाव चांगली हाय. म्या म्हनलं, माजे कान म्हातारे झाले. कानापरीस कागुद खरा धरला."

सुभद्राबाईंनी नजर उत्कर्षाकडे वळवली.

"आन् तुमी? तुमी का न्हाई बघितलं?"

आठ वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. चौकशी समितीनेही कामाचा ताण, अपुरे कर्मचारी असं काहीबाही स्वतःच लिहून घेतलं होतं.

"ऊन होतं," ती म्हणाली. "वाकून आत जायचं म्हणजे तापलेल्या फायबरला हात पोळत होते. म्हणून."

सुभद्राबाई तिच्याकडे बघत राहिल्या. हातातली मिरची त्यांनी अर्धवट खुडून तशीच ठेवली. घरात कुणीतरी भाकरी थापत होतं, तो आवाजही थांबला.

मग त्यांनी आत तोंड करून हाक मारली, "सूनबाई, तीन मान्सांचं पाणी आण गं."

पाणी आलं. तिघं उभ्यानेच प्यायली. सुभद्राबाईंनी तांबे स्वतःच्या हाताने परत घेतले.

"पाणी दिलं," त्या म्हणाल्या. "आता पुना ह्या दारात येऊ नका."

त्या आत गेल्या. तानाजी खांबापासून सुटा झाला, बापाच्या हातातून गळलेला पटका त्याने मातीतून उचलला, झटकला, आणि त्याच्या खांद्यावर टाकला. तिघं पुढच्या घराच्या वाटेला लागली.